ताई, शाळेसाठी पैसे मागायला गेलं की लोक दारच उघडत नाहीत

पत्र असं आलंय:

"ताई नमस्कार. मी चिपळूण तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. आमची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी, पट ३८. यंदा शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष मला केलंय. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही, टाकी फुटलीय, पाइप गंजलेत, मुली दुपारपर्यंत तशाच बसतात नाहीतर मधल्या सुट्टीत घरी पळतात आणि परत येत नाहीत. प्लंबरने ४२ हजार सांगितलेत. मागच्या वर्षी एका व्यापाऱ्याकडून फिनाईल आणि अगरबत्तीची पाकिटं आणली, १५० ला एक, त्यातले ४५ शाळेला, आणि मुलांना घरोघर पाठवलं. सात हजार पण हातात आले नाहीत, निम्मे खोके अजून चौथीच्या वर्गात पडलेत. लोक म्हणतात गणपतीची वर्गणी दिली, शिमग्याची पट्टी दिली, सप्त्याची दिली, आता शाळेची पण? यंदा कोणी लकी ड्रॉ सुचवतंय, कोणी मुंबईत नमनाचा, म्हणजे आपल्या कोकणातल्या लोकनाट्याचा, प्रयोग, कोणी क्रिकेटच्या मॅची, सरांना तर मोठा टीव्ही पण हवाय. मला काहीच सुचत नाही. गावाला शाळेचं काही पडलेलंच नाही असं वाटायला लागलंय. काय करू?"

अगं, तुझं बाकी सगळं पत्र मला पटलं, ते शेवटचं वाक्य सोडून. गावाला शाळेचं पडलेलं नाही असं नसतं. तूच लिहिलंयस की लोक गणपतीची, शिमग्याची, सप्त्याची वर्गणी देतात, आणि कोकणात शिमग्याची पट्टी तर मुंबईला असलेला माणूससुद्धा चुकवत नाही, आधी पट्टी भरतो मग तिकीट काढतो. म्हणजे द्यायची सवय आहे, दानत आहे, फक्त तिथे काय होतं की पालखी त्याच्या अंगणात येते, त्याच्या घरची ओटी भरली जाते, दिलेले पैसे कुठे गेले ते त्याला डोळ्यांनी दिसतं. फिनाईलच्या पाकिटात त्याला काय दिसलं सांग? दुकानात साठ-सत्तरला मिळणारी वस्तू दीडशेला, आणि हातात पाकीट घेऊन उभं असलेलं शेजाऱ्याचं पोर, ज्याला नाही पण म्हणता येत नाही.

आधी तो हिशोबच बघ. पाकिटामागे ४५ सुटतात, म्हणजे ४२ हजार जमवायला ९३४ पाकिटं खपायला हवीत. तुमच्या गावात घरं किती, दोनशे? म्हणजे घरटी साडेचारच्या वर पाकिटं, आणि गावाने जे एकूण १ लाख ४० हजार खर्च केले असते त्यातले ९८ हजार व्यापाऱ्याच्या खिशात. शेजारीण हा हिशोब तोंडाने बोलून दाखवणार नाही पण तिला तो कळतो, मनातल्या मनात ती म्हणते की शाळेला द्यायचेच तर सरळ ५० रुपये देईन, हे कशाला घेऊ. आणि मग ती ते ५० पण देत नाही कारण कोणी तसे मागितलेलेच नसतात.

आता दुसरं सांगते, हे मला अजून बोचतं. मी नोकरीला लागले तेव्हा, घाटावरच्या एका शाळेत, आम्ही शाळेच्या कुंपणासाठी मुलांच्या हातात पावती पुस्तकं दिली होती. सहावीतला एक मुलगा होता, हुशार, पहिल्या बाकावर बसायचा. रोज परिपाठाला कोणी किती आणले ते मोठ्याने वाचून दाखवायचे आणि टाळ्या वाजवायला लावायचे, ही आमचीच पद्धत. चौथ्या दिवसापासून तो यायचा बंद झाला. मी घरी गेले तर तो ओट्यावर पावती पुस्तक मांडीवर घेऊन बसलेला, कार्बनचा निळा डाग पार तळहातापर्यंत, एकच पावती फाडलेली, त्याच्या आईच्या नावाची, ५ रुपयाची. आई मजुरीला जायची. तो म्हणाला बाई अजून कोण देत नाही, मी जमले की येतो. मी ते पुस्तक तिथेच काढून घेतलं, त्याला दुसऱ्या दिवशी शाळेत आणलं, पण त्या पोराने ते चार दिवस काय सोसलं असेल ते मी भरून देऊ शकत नाही. म्हणून सांगते, यंदा कुठलीही कल्पना निवडा, पण मुलाच्या हातात पावती पुस्तक किंवा विकायचा माल द्यायचा नाही, ही पहिली अट ठेव. सरकारी शाळेत पहिली ते आठवी शिक्षण मोफत आहे, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने, तेव्हा पालकाकडून जे येईल ते स्वखुशीचंच असलं पाहिजे, आणि पोर दारात उभं केलं की स्वखुशी कुठे उरते.

त्याच कायद्यात अजून एक गोष्ट लिहिलीय जी तुझ्या फार कामाची आहे. मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं पाणी हे शाळेच्या इमारतीच्या निकषांमध्येच आहे. म्हणजे ही टाकी गावाने उपकार म्हणून बसवायची गोष्ट नाहीये. तेव्हा लोकांकडे जायच्या आधी समितीचा ठराव कर, नुसतं टाकी फुटली असं मोघम नको, स्वच्छतागृहाला पाणी नाही, मुली किती, कधीपासून, प्लंबरचं अंदाजपत्रक सोबत, असं लिहून ग्रामपंचायतीला आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना दे, पोच घे. सरांना विचार की समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला येणारं संयुक्त शाळा अनुदान किती आलंय आणि कशावर खर्च झालंय, ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजारांपर्यंतची तरतूद असते त्यात. सगळं मिळेलच असं नाही, उशिरा मिळेल, पण गावसभेत पहिला प्रश्न हाच येणार की हे तर सरकारचं काम, तुम्ही पंचायतीकडे गेलात का, आणि तेव्हा तुझ्या हातात पोच असली की निम्मी माणसं तिथेच तुझ्या बाजूला येतात. पंचायतीने समज पाइप आणि मोटर घेतली तर लोकांकडे मागायचा आकडा पण खाली येतो.

टीव्हीचं म्हणशील तर सरांशी प्रेमाने बोल पण यंदा नको. एका वेळी एकच गोष्ट माग. टाकी आणि टीव्ही एकत्र मागितलं की लोक टीव्हीबद्दल वाद घालतात आणि टाकी राहून जाते. शिवाय मुलींच्या स्वच्छतागृहाचं पाणी हा विषय असा आहे की गावातली एकही बाई त्याला नाही म्हणणार नाही, प्रत्येकीने ते भोगलेलं असतं.

आता तुमच्या तीन कल्पना. लकी ड्रॉ लगेच सोडून दे. परवानगीशिवाय लॉटरी चालवणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ मध्ये आहे, आणि तिकिटाला कूपन म्हटलं काय किंवा देणगी म्हटलं काय, पैसे घेऊन चिठ्ठी काढून बक्षीस दिलं की ती लॉटरीच. कोणी तक्रार केली तर अध्यक्ष म्हणून तू आणि सचिव म्हणून सर अडचणीत याल. क्रिकेट वाईट नाही पण तुमच्याकडे प्रत्येक वाडीच्या मॅची आधीच असतात, ट्रॉफी, बॉल, मंडप, माइक, पंचांचं जेवण यातच प्रवेश फी जाते, आणि खेळणाऱ्या पोरांना शाळेचं नाव फक्त बॅनरवर दिसतं.

मुंबईतला नमनाचा प्रयोग, याबद्दल जरा थांबून विचार कर. ऐकायला फार छान वाटतं, आणि गावच्या मंडळांनी असे प्रयोग लावून मंदिरं, सभागृहं उभी केलीत हे खरंच आहे. पण नाट्यगृहाचं भाडं आगाऊ, कलाकारांची गाडी, ध्वनी आणि लाइट, आणि मग देणगी प्रवेशिका खपवायच्या कोणी तर मुंबईतल्या त्याच पंधरा-वीस लोकांनी, जे दर वर्षी कोणाच्या ना कोणाच्या प्रवेशिका नातेवाइकांच्या गळ्यात घालून दमलेले असतात. मुंबई मंडळ स्वतःहून म्हणालं की आम्ही सगळं बघतो, तर जरूर करा. ४२ हजारांसाठी तू लाखभराचा खर्च अंगावर घेऊ नकोस.

मग काय करायचं? इथे मला कर्मवीर भाऊराव पाटलांची आठवण येते, साताऱ्याजवळ नोकरी केली म्हणून असेल. १९१९ साली कराड तालुक्यात काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि पुढे वसतिगृहातली पोरं जगवायची कशी हा रोजचा प्रश्न. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा, हे सगळ्यांना माहीत आहे. पण मला नेहमी त्यांच्या मुष्टिफंडाचं जास्त वाटतं. घराघरातल्या बाईने धान्यातलं मूठभर बाजूला काढून ठेवायचं आणि ते बोर्डिंगला जायचं. बघ ना काय होतं त्यात, रोख पैसा खेड्यातल्या बाईच्या हातात नव्हताच, तो मागितला असता तर तिला नवऱ्याकडे बघावं लागलं असतं. धान्याचा डबा मात्र तिच्याच ताब्यात. तिच्या हातात जे होतं तेच मागितलं, आणि इतकंच मागितलं की घरातलं कोणी उपाशी राहणार नाही.

तुमच्या गावात तसं मूठभर काय आहे ते शोध. मला बाहेरून बसून एक दिसतंय. गणपतीला अजून दोन महिने आहेत आणि झाडून सगळे चाकरमानी घरी येणार. परत जाताना ते काय नेतात? कुळथाचं पीठ, नाचणीचं पीठ, आमसुलं, मेतकूट. प्रत्येक जण शेवटच्या दिवशी धावपळ करत कोणाकडे तरी मागतो, नाही मिळालं तर चिपळूणला स्टँडजवळ पॅकबंद घेतो. तर हीच पिशवी शाळेची करा ना! अर्धा किलो कुळीथ, किलोभर नाचणी, पाव किलो आमसुलं, छोटं मेतकूट. तुमच्या बचत गटाच्या बायका हे सगळं करतातच. समज त्यांची मजुरी धरून पिशवी ३१० ला पडली आणि ४५० ला दिली, तर १४० सुटतात, शंभर पिशव्यांचे १४ हजार. मजुरी धरायचीच हं, शाळेचं काम म्हणून बायकांकडून फुकट दळून घ्यायचं नाही, नाहीतर पहिल्या वर्षी होतं आणि दुसऱ्या वर्षी कोणी येत नाही. ज्या गटाची अन्न विक्रीची नोंदणी आहे त्या गटाच्या नावानेच पाकिटं करा.

आणि माल आधी करून ठेवायचा नाही, त्या फिनाईलसारखा. श्रावण लागला की वाडीवाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज टाक, पिशवीत काय आहे, किंमत किती, त्यातले शाळेला किती, कशासाठी, सगळं त्याच चार ओळीत. ऑर्डर येतील तेवढंच दळायचं. पैसे पिशवी घेताना. विसर्जनाच्या आदल्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात वाटप. ज्याला ती घ्यायचीच होती त्याला आपण वर्गणी मागितलीच नाही, आणि तरीही त्याच्या घरून १४० आले. हीच खरी कसोटी आहे बघ, कुठलाही उपक्रम समोर आला की स्वतःला विचार, ही वस्तू या माणसाने शाळा नसती तरी घेतली असती का? दिवाळीत पणत्या आणि उटणं खपतं, राखीच्या आधी राख्या खपतात, कारण त्या घ्यायच्याच असतात. नको असलेली वस्तू एकदा भिडेखातर घेतात, दुसऱ्यांदा तुला लांबून बघून दार लावतात.

बाकीच्या पैशांसाठी ४२ हजार हा एकच आकडा लोकांपुढे ठेवू नकोस. तो ऐकूनच माणूस गप्प होतो, त्याच्या शंभरात काय होणार असं वाटतं. प्लंबरकडून तुकडे करून घे. हजार लिटरची टाकी, टाकीखालचा चौथरा, पाइप, नळ चार, दाराच्या कड्या, मजुरी. चौथरा तर गावातली मंडळी एका रविवारी श्रमदानाने बांधतील, गवंडी तुमच्याच वाडीत असेल, वाळू-सिमेंट कोणाच्या तरी घराच्या कामातलं उरलेलं असतंच. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्याकडे हात आहेत, आणि त्याचं नाव पण तितक्याच मानाने लागलं पाहिजे. नळ एक घ्या असं म्हटलं तर रिक्षावाला पण घेतो. ज्यांची मुलं इंग्लिश मीडियमच्या व्हॅनने जातात त्यांना वगळू नकोस, ते स्वतः याच शाळेत शिकलेत, आणि उलट त्यांना कोणी विचारत नाही याचंच वाईट वाटत असतं.

यासाठी एक गोष्ट करच. सरांच्या कपाटात जनरल रजिस्टर असेल, जुनं, कापडी बांधणीचं, पानं पिवळी पडलेली, कडा हात लावला की तुटतात असं. गौरी-गणपतीत एक दुपार शाळा उघडी ठेवा आणि सांगा की ज्याला आपलं नाव बघायचंय त्याने या. रजिस्टर टेबलावर मोकळं टाकायचं नाही, त्यात जन्मतारखा, जात, सगळं असतं, सरांनी स्वतः बसून ज्याचं त्याला त्याचंच पान दाखवायचं. मी एका गावात हे बघितलंय. सत्तरीच्या पुढची एक आजी नातवाचा हात धरून आली, तिला चष्म्याशिवाय दिसेना, सरांनी तिचं माहेरचं पूर्ण नाव वाचून दाखवलं, दाखल दिनांक, आणि शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण, घरकाम. ती थोडा वेळ त्या ओळीवर बोट ठेवून उभी राहिली. मग म्हणाली चौथीत पहिली होते मी. तिने कनवटीचे २०० काढून दिले, कोणीही मागितले नव्हते. त्या दिवशी तिथे पेटीसुद्धा ठेवलेली नव्हती. तू पण ठेवू नकोस, फक्त फुटलेली टाकी आणि ते कोरडे नळ लोकांना जाता-येता दिसतील असं बघ, बायकांना आत नेऊन दाखव, आणि फळ्यावर ते तुकडे लिहून ठेव. कोणाला काय घ्यायचं ते आपोआप सांगतील. एकाच वर्षी सातवी झालेले चार-पाच जण भेटले की ते टाकी आम्ही घेतो म्हणतात, असंच होतं बहुतेक.

पैशांचं कडक ठेव. सरांच्या किंवा तुझ्या मोबाइल नंबरवर एक रुपया घ्यायचा नाही, समितीचं बँक खातं आहे, अध्यक्ष आणि मुख्याध्यापक दोघांच्या सहीचं, त्याचाच क्यूआर कोड बँकेतून काढून घे. रोख दिली तर जागच्या जागी पावती, आणि ती मोठ्या माणसानेच फाडायची. कोणी मुंबईवाला ८०जी ची, म्हणजे देणगीवर आयकरात सूट मिळते ती, पावती मागेल, समितीकडे ती नोंदणी नसेल तर स्पष्ट नाही म्हण, बघू करू असं म्हणून पैसे घेऊ नकोस. शाळेबाहेर ग्रामपंचायतीच्या फळ्याशेजारी एक कागद लाव, आलेले एवढे, पिशव्यांचे एवढे, टाकीचं बिल एवढं, शिल्लक एवढी, बिलांच्या झेरॉक्ससकट. दर आठवड्याला बदल. देणाऱ्यांची नावं लाव पण रकमेशिवाय, आडनावाच्या क्रमाने, श्रमदानवाल्यांची त्यातच. कोकणात संगमरवरी पाटीवर रकमेसकट नावं कोरायची पद्धत आहे, मला माहितीये काही जण तसं मागतील, आणि तरी मी म्हणेन की शाळेत नको. त्या पाटीखालून रोज ती मुलं जाणार आहेत, ज्यांच्या आईने २० रुपये दिलेत.

आणि पाणी आलं की पहिल्या दिवशी सातवीच्या मुलींच्या हातून नळ सोड, त्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ ग्रुपवर टाक, नुसता नळ आणि पाणी, भाषण नको. मुंबईत लोकलमध्ये बसलेला माणूस तो बघेल, पुढच्या वर्षी सरांच्या टीव्हीचं त्याच्यापुढे बोलता येईल.

सप्टेंबरात किती पिशव्या गेल्या ते मला नक्की कळव. आणि ते फिनाईलचे खोके गौरी यायच्या आधी चौथीच्या वर्गातून हलव, अंगणवाडीला दे, आरोग्य उपकेंद्राला दे, स्वच्छतागृहाला पाणी आलं की तिथे पण लागेलच. रजिस्टर बघायला लोक त्याच वर्गात बसणार आहेत.